दव, बर्फ आणि सायकलची पकड

नागपुरात रस्त्यावर बर्फ साचत नाही. २९ डिसेंबर २०१८ च्या पहाटे इथला पारा ३.५ अंशांवर उतरला, तेव्हाही तो शून्याच्या वरच होता. तरी बर्फावरची सायकल हा नागपूरकरांचाही विषय आहे. सेमिनरी हिल्सच्या चढावर पहाटे घाम गाळणाऱ्या कित्येकांच्या डोक्यात मनाली-लेह घोळत असतं. इथली मुलं शिकायला जर्मनीला, कॅनडाला जातात आणि तिथे पोचल्यावर एखादी जुनी सायकल घेतात. शिवाय रस्त्यावर बर्फ ज्या कारणाने धरतो, ते कारण आपल्या अंगणात जानेवारीभर रोज काम करत असतं.

रात्रभर उघड्यावर उभ्या असलेल्या स्कूटरची सीट सकाळी ओलीचिंब असते. शेजारच्या टिनावर दव, गवतावर दव. पण त्याच अंगणात कडुनिंबाखाली ठेवलेली गाडी जवळजवळ कोरडी, आणि समोरचा सिमेंट रोडही कोरडाच. हवा सगळीकडे सारखीच गार असताना हा फरक कशामुळे पडतो?

निरभ्र रात्री प्रत्येक वस्तू अवरक्त किरणांच्या रूपात आपली उष्णता आकाशाकडे सोडत असते आणि आकाशाकडून तिला त्यापेक्षा कमी परत मिळते. सीट किंवा टिनाचा पत्रा पातळ असतो, त्यात उष्णतेचा साठा कमी. म्हणून तो आजूबाजूच्या हवेपेक्षाही काही अंशांनी थंड होतो आणि हवेतली वाफ त्याच्यावर पाणी होऊन बसते. झाडाखालच्या गाडीला वरच्या पानांकडून बरीच उष्णता परत मिळते. सिमेंट रोड जाड असतो, दिवसभराचं ऊन त्याने साठवलेलं असतं आणि खालची जमीनही त्याला ऊब देत राहते. उड्डाणपुलाला मात्र खालून जमीन नाही. तो दोन्ही बाजूंनी उघडा, म्हणून लवकर गार पडतो.

आता हेच सगळं हवा दोन-तीन अंशांवर असलेल्या गावात घडतंय असं समजा. वेधशाळेचा तापमापक जमिनीपासून सव्वा-दीड मीटर उंचीवर, पेटीच्या आडोशाला असतो. तो दोन अंश दाखवत असताना रस्त्याचा पृष्ठभाग शून्याखाली गेलेला असू शकतो. त्यावरचं दव किंवा रिमझिम पाऊस गोठतो आणि काचेसारखा पारदर्शक पापुद्रा तयार होतो. खालचं डांबर त्यातून आरपार दिसतं, म्हणून सायकलवरून तो फक्त ओला रस्ता वाटतो. यालाच ब्लॅक आइस म्हणतात. परदेशात पुलांवर तो सगळ्यात आधी धरतो, आणि कारण आपल्या उड्डाणपुलाचंच आहे. लडाखमध्ये त्याची वाट वेगळी. दुपारी वितळलेलं पाणी रस्त्यावरून वाहतं आणि रात्री तिथेच गोठतं. नाल्याला पाणी कमी असतं म्हणून सायकलवाले तो पहाटे ओलांडतात, आणि नेमका त्याच वेळी काठावरचा पापुद्रा सर्वांत घट्ट असतो.

बर्फ घसरडा का, याचं एक उत्तर फार वर्षं सांगितलं गेलं: दाबामुळे बर्फ वितळतो. सायकलपुरतं ते साफ चुकीचं आहे. बर्फाचा वितळणबिंदू एक अंशाने खाली आणायला साधारण १३५ वातावरणांचा दाब लागतो (एक वातावरण म्हणजे समुद्रसपाटीवरचा हवेचा नेहमीचा दाब). टायर जमिनीवर जो दाब देतो तो जवळपास आतल्या हवेच्या दाबाइतकाच असतो, म्हणजे रोड बाइकच्या कडक टायरचाही सातेक. त्याने वितळणबिंदू अंशाच्या विसाव्या भागाइतकाच सरकेल. खरी गोष्ट मायकेल फॅराडेने १८५० मध्येच ओळखली होती: शून्याखालच्या बर्फालाही वरून पाण्यासारखा एक अतिशय पातळ थर असतो. पृष्ठभागावरच्या रेणूंना वरच्या बाजूने धरून ठेवणारं कुणी नसतं, म्हणून ते सैल असतात. घर्षणाच्या उष्णतेने त्यात भर पडते, हे बोडेन आणि ह्यूज यांनी १९३९ मध्ये मांडलं. म्हणूनच शून्याच्या आसपासचा ओलसर बर्फ रबरी टायरसाठी सर्वांत वाईट. उणे पंधराच्या कडाक्यात पकड उलट सुधारते. नव्याने गेलेल्या मुलांना हे कुणीतरी सांगायला हवं: पारा शून्याच्या वर-खाली होत असतो ते दिवस जास्त जपायचे.

घर्षणाचा आकडा, म्हणजे पकड वजनाच्या किती पट ते, कोरड्या सिमेंटवर साधारण ०.७ धरा, बर्फावर ०.१. ताशी २० किलोमीटरवरून थांबायला कोरड्या रस्त्यावर सव्वादोन मीटर लागतात, बर्फावर जवळपास सोळा. दहा मीटर त्रिज्येचं वळण कोरड्यात ताशी तीसने निभतं, बर्फावर अकराच्या वर सायकल सुटते. हे हिशेबातले आकडे. चालवणारा दचकलेला असतो, म्हणून प्रत्यक्षात अंतर वाढतंच.

पण दुचाकीचा मूळ धोका ब्रेकपेक्षा तोलाचा आहे. सायकल उभी राहते ती आपण नकळत सतत हँडल हलवत राहतो म्हणून. डावीकडे तोल गेला की पुढचं चाक थोडं डावीकडे वळतं आणि सायकलचे पाय पुन्हा आपल्या वजनाखाली येतात. यासाठी पुढच्या चाकाला आडवी पकड लागते. ती गेली की तोल सावरायचं साधनच गेलं, आणि विचार करायच्या आत खांदा जमिनीवर आपटतो. मागचं चाक घसरलं तर निदान सावरायला क्षणभर मिळतो. म्हणून बर्फाच्या पट्ट्यावर पुढचा ब्रेक लावायचाच नाही. वेग आधीच कमी करायचा, हँडल सरळ धरायचं, पॅडल हलक्या पायाने मारायचं आणि वळणात ब्रेक टाळायचा, कारण वळायला आणि थांबायला लागणारी पकड एकाच तुटपुंज्या साठ्यातून येते. सीट थोडी खाली घेतली की पाय पटकन टेकतो. बोटं उबदार ठेवायची. आठ अंशांच्या हवेत ताशी वीसने गेलं तर अंगाला पाच अंशांसारखं झोंबतं, आणि बधिर बोटांनी ब्रेक उशिरा लागतो. हे अंबाझरीच्या रस्त्यावरही तितकंच खरं.

फिनलंडमधलं औलू हे शहर हिवाळ्यातल्या सायकलिंगसाठी प्रसिद्ध आहे. २०१३ मध्ये हिवाळी सायकलिंगची पहिली जागतिक परिषद तिथेच भरली. तिथे सायकलमार्गांवरचा बर्फ तत्परतेने काढतात, आणि मला त्यांची ही शिस्त कुठल्याही टायरपेक्षा मोलाची वाटते. पण जिथे अशी सोय नाही तिथे खिळ्यांचे टायर घ्यावेत. त्यांतले टंगस्टन कार्बाइडचे बारीक खिळे बर्फात रुततात. रबराला जे साधत नाही ते ते करतात. हवा कमी केल्याने मऊ बर्फावर फायदा होतो, गुळगुळीत पापुद्र्यावर फारसा नाही. पैसे एकाच टायरपुरते असतील तर तो पुढच्या चाकाला लावा. आणि टायर नवा असेल तर पहिले चाळीसेक किलोमीटर मोकळ्या डांबरावर सावकाश, जोरात ब्रेक न लावता चालवा, म्हणजे खिळे आपापल्या जागी नीट बसतात. पहिली थंडी पडायच्या आधीच हे उरकून घ्या.