लॅपटॉप, हायफाय आणि 48 किलोहर्ट्झ

मुंबईतल्या जुन्या हायफायवाल्यांच्या, म्हणजे उत्तम ध्वनियंत्रणेच्या शौकिनांच्या, मनात लॅपटॉपबद्दल अजून अढी आहे. त्यातून आवाज ‘पातळ’ येतो, असं ते म्हणतात. ही अढी अगदीच निराधार नव्हती, पण तिचं मूळ लॅपटॉपपेक्षा नव्वदच्या दशकातल्या एका निर्णयात जास्त आहे.

सीडी 1982 मध्ये आली ती सेकंदाला 44,100 नमुने (ध्वनिलहरीची क्षणोक्षणीची मापं), म्हणजे 44.1 किलोहर्ट्झचा दर घेऊन. त्या काळी डिजिटल ध्वनिमुद्रण व्हिडिओ टेपवर साठवत, आणि हा आकडा त्या टेपच्या हिशेबातून निघाला : एका ओळीत 3 नमुने, 245 ओळी, सेकंदाला 60 फील्ड (व्हिडिओची अर्धी चित्रं). पुढे स्टुडिओ आणि डीव्हीडीवाल्यांनी 48,000 चा दर धरला. संगणकातल्या आवाजाच्या चिपचं मानक 1996-97 मध्ये ठरलं, तेव्हा 48,000 चा दर सक्तीचा आणि बाकीचे ऐच्छिक ठेवले गेले. 24.576 मेगाहर्ट्झचा एकच क्रिस्टल (चिपला ठोके देणारा स्फटिक) लावला की त्याला 512 ने भागून 48,000 बरोबर मिळतात. 44,100 साठी तो भागाकार सरळ बसत नाही. चिप स्वस्त पडली, उत्पादक खूश.

सीडीवरच्या संगीताला त्याची किंमत मोजावी लागली. 44,100 चे 48,000 करायचे म्हणजे 147 नमुन्यांच्या जागी 160 बसवायचे, म्हणजे जवळपास प्रत्येक नमुना नव्याने मोजून काढायचा. हे गणित नीट केलं तर कानाला कळणारही नाही. पण तेव्हाच्या प्रोसेसरवर भार नको म्हणून ते बऱ्याचदा उरकलं जाई. त्यात भर पडली संगणकाच्या ऑपरेटिंग प्रणालीतल्या मिक्सरची, म्हणजे सगळे आवाज एकत्र करणाऱ्या भागाची. गाणं चालू असताना मेल आल्याची टिंग ऐकू यायची, तर दोन्ही आवाज एकाच दरावर आणून मिसळणं भाग आहे, हा त्याच्या समर्थकांचा युक्तिवाद. ऑफिसच्या मशीनसाठी तो बिनतोड आहे. पण ज्याला फक्त गाणं ऐकायचंय, त्याने ती टिंग का सोसायची? मिक्सर बाजूला सारून थेट चिपशी बोलण्याची अधिकृत, सुटसुटीत सोय सर्वात खपाच्या ऑपरेटिंग प्रणालीत 2007 मध्ये आली. तोवर जाणकार स्टुडिओसाठी बनलेले ड्रायव्हर (उपकरण चालवणारी सॉफ्टवेअर) वापरून पळवाट काढत. बाकीच्यांनी लॅपटॉप नावडत्यांच्या यादीत टाकला, आणि त्यांना दोष देता येणार नाही. त्या दशकभराच्या दिरंगाईने ऐकणाऱ्यांवर अन्याय केला, असं माझं स्पष्ट मत आहे.

तरीही मुंबईत लॅपटॉप हायफायपर्यंत पोचला, तो जागेच्या अडचणीमुळे. वन रूम किचनमध्ये सीडीची कपाटं मावत नाहीत, आणि पावसाळ्यात कॅसेटना बुरशी धरते. नाट्यसंगीत आणि ख्यालाच्या सीडी फ्लॅकमध्ये (दर्जा न घटवता आकार कमी करणाऱ्या फाइल प्रकारात) उतरवून हार्ड डिस्कवर ठेवल्या की प्रश्न मिटला. गाणी उतरवून घ्यायची ती घरच्याच सीडीवरून, कारण 2004 च्या सरकारी धोरणात ब्रॉडबँडची व्याख्याच 256 केबीपीएस होती. त्या वेगाने तासाभराचा एक अल्बम पूर्ण दर्जात यायला तीनेक तास लागत, तेही लाइन मध्येच तुटली नाही तर.

मग लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारातून ईपी पिन टू आरसीए केबल (एका टोकाला हेडफोनची पिन, दुसऱ्या टोकाला अ‍ॅम्प्लिफायरच्या दोन पिना) आणायची, अ‍ॅम्प्लिफायरच्या ऑक्समध्ये, म्हणजे बाहेरचं उपकरण जोडायच्या भोकात, खोचायची, आणि गाण्याआधीच हमिंग ऐकायचं. गाणं बंद ठेवून व्हॉल्यूम वाढवा आणि लॅपटॉपचा चार्जर काढा. हमिंग त्याच क्षणी थांबलं, तर चार्जरचं अर्थिंग आणि अ‍ॅम्प्लिफायरचं अर्थिंग केबलच्या जाळीतून एकमेकांना भेटतंय, असं समजायचं. जुन्या इमारतींच्या वायरिंगमध्ये हा त्रास फार. प्रकाशातून आवाज नेणाऱ्या ऑप्टिकल केबलमध्ये तांबं नसल्याने तिथे हा प्रश्नच उद्भवत नाही. काही लॅपटॉपच्या हेडफोनच्या भोकातच ऑप्टिकल आउटपुट असे. 2016 नंतर तेही दिसेनासं झालं.

खरी सुटका केली यूएसबी डॅकने (डिजिटल आवाज लॅपटॉपबाहेर विजेच्या लहरीत बदलणाऱ्या डबीने), पण तीही लगेच नाही. सुरुवातीचे डॅक लॅपटॉपच्या चालीने चालत. तिथे ताल डगमगला की इथेही डगमगे. 2010 च्या आसपास ‘असिंक्रोनस’ पद्धत आवाक्यात आली. तिच्यात घड्याळ डॅकचं, आणि लॅपटॉपने मागेल तेवढाच डेटा पुरवायचा. नमुन्यांचा दर बदलणाऱ्या एका सर्किटच्या नावातही हाच शब्द असतो आणि विक्रेते दोन्ही बिनदिक्कत एक करतात. दोन्हींचा एकमेकांशी संबंध नाही. यूएसबी ऑडिओच्या दुसऱ्या पिढीला मात्र त्या खपाच्या प्रणालीने 2017 मध्येच थेट थारा दिला. तोवर प्रत्येक डॅकचा वेगळा ड्रायव्हर.

जून 2021 मध्ये एका मोठ्या स्ट्रीमिंग सेवेने 24 बिट, 192 किलोहर्ट्झपर्यंतचं संगीत जादा पैसे न घेता सुरू केलं. त्याच कंपनीच्या लॅपटॉपवर तेव्हा नमुन्यांचा दर गाण्याप्रमाणे आपोआप बदलत नव्हता. सेटिंग 48 वर राहिलं असेल, तर 96 चं गाणं मुकाट 48 होऊन डॅककडे जाई, आणि 44.1 चंसुद्धा.