एमपीथ्रीचे फ्लॅक केल्याने गाणे सुधारत नाही

‘मोबाईलमधील एमपीथ्री फाइल फ्लॅकमध्ये बदलून घ्या, हेडफोनवर ख्याल मैफलीसारखा ऐकू येईल,’ असा संदेश बेळगाव, खानापूर, निपाणीकडील संगीतप्रेमींच्या गटांत वर्षानुवर्षे फिरत आहे. सीडीवरून थेट केलेल्या फ्लॅकमध्ये, म्हणजे काहीही न वगळता ध्वनी साठवणाऱ्या फाइलमध्ये, मूळ ध्वनी जसाच्या तसा राहतो, हे खरे असल्याने हा समज स्वाभाविक आहे.

मात्र एमपीथ्री तयार होतानाच कानाला कमी जाणवतील असे ध्वनीचे अंश कायमचे वगळले जातात. १२८ केबीपीएसच्या (सेकंदाला १२८ किलोबिट माहितीच्या) फाइलमध्ये बहुधा १६ किलोहर्ट्झच्या वरचा, म्हणजे अतिशय उंच ध्वनीचा, भागच उरत नाही. अशी फाइल फ्लॅकमध्ये बदलली की उरलेलेच अधिक जागेत साठवले जाते, आणि वाढलेला आकार पाहून दर्जा वाढल्यासारखे वाटते.

पडताळणी घरीच करता येते. ऑडॅसिटी या मोफत प्रोग्रॅममध्ये दोन्ही फाइलींचा स्पेक्ट्रोग्रॅम, म्हणजे कोणत्या क्षणी किती उंच ध्वनी आहे हे दाखवणारे चित्र, उघडावा. वरची पट्टी दोन्हींत सारखीच रिकामी दिसेल. त्यानंतर घरातल्या कोणाला तरी, कोणती फाइल लावली हे न सांगता, त्या आलटून पालटून ऐकवायला सांगावे. आवाजाची पातळी मात्र अगदी समान हवी, कारण किंचित मोठा आवाजही कानाला सरस वाटतो.

धारवाडच्या बसमध्ये तंबोऱ्याची जवारी, म्हणजे तारांचा गुंजणारा झंकार, ऐकायची असेल, तर मूळ सीडीवरून केलेली फाइल आणि कानात नीट बसणारे इअरफोन यांवरच खर्च करावा, असे मला मनापासून वाटते. बसण्यात फट राहिली तर डग्ग्याचा खर्ज आधी हरवतो.