कर्क आणि स्पॉक यांच्यामधली तिरकी रेघ : स्लॅश फॅनफिक्शनची सुरुवात आणि चाहत्यांमधला वाद

आज फॅनफिक्शन, म्हणजे आवडत्या मालिकेतली पात्रे घेऊन चाहत्यांनी लिहिलेली कथा, वाचायला घेतली की कथेच्या आधी जोडीची नावे, वयोगट आणि इशारे दिसतात. ही शिस्त इंटरनेटच्या बरीच आधीची आहे. १९७०च्या दशकात 'स्टार ट्रेक' या अंतराळयानावरच्या दूरचित्रवाणी मालिकेच्या चाहत्या टपालाने जी मासिके चालवत, त्यांत एका कडवट वादातून ती घडली. वाद होता यानाचा कप्तान कर्क आणि त्याचा परग्रहवंशीय सहकारी मिस्टर स्पॉक यांना एकमेकांचे प्रियकर म्हणून रंगवावे की नाही, याचा.

मूळ मालिका अमेरिकेत एनबीसीवर ८ सप्टेंबर १९६६ला सुरू झाली आणि जून १९६९मध्ये संपली. ती चालू असतानाच, १९६७मध्ये, न्यूयॉर्कहून 'स्पॉकॅनेलिया' हे तिचे पहिले फॅनझिन निघाले. फॅनझिन म्हणजे चाहत्यांनी पदरमोड करून काढलेले अनियतकालिक. आपल्याकडच्या लघुनियतकालिकांप्रमाणे यांतही बरीचशी सायक्लोस्टाइलवर निघत. टाइपरायटरची रिबन बाजूला करून मेणाच्या स्टेन्सिलवर अक्षरे कापायची. चूक झाली तर दुरुस्तीचे द्रव लावून वाळू द्यायचे आणि पुन्हा टाइप करायचे. जोरात टाइप केले की 'ओ'च्या पोटातला गोल तुकडा निघून पडे आणि छापताना तिथे काळा ठिपका येई. शाई ओली असताना पाने एकावर एक ठेवली तर मजकूर पुढच्या पानाच्या पाठीवर उमटे. किंमत कागद आणि टपालखर्च निघेल एवढीच ठेवत. लेखिकेला मानधन म्हणजे एक प्रत.

कर्क-स्पॉक प्रेमकथेला बीज मालिकेनेच पुरवले होते. १५ सप्टेंबर १९६७ला दाखवलेल्या 'अमोक टाइम' या भागात स्पॉकच्या व्हल्कन जमातीतल्या पुरुषाला ठरावीक काळाने येणारा 'पॉन फार' हा कामज्वर आला: त्या काळात जोडीदार मिळाला नाही तर मृत्यू. मग यान बिघडलेले, ग्रह निर्जन, स्पॉकला पॉन फार आणि सोबत फक्त कर्क, एवढे जुळवले की कथा तयार. सुरुवातीच्या कितीतरी कथा याच सांगाड्यावर उभ्या आहेत. पुढे हा साचा इतका घासला गेला की समर्थक वाचकच त्याला कंटाळल्या. पण त्या वेळी त्याचा मोठा उपयोग होता. जीव वाचवायचा आहे म्हटल्यावर दोन पुरुषांच्या शरीरसंबंधाचे वेगळे समर्थन द्यावे लागत नसे.

छापील स्वरूपातली पहिली कथा म्हणून 'अ फ्रॅगमेंट आउट ऑफ टाइम'कडे बोट दाखवले जाते. ऑस्ट्रेलियातल्या डायेन मर्चंट यांची ही कथा सप्टेंबर १९७४मध्ये 'ग्रप' या प्रौढांसाठीच्या फॅनझिनच्या तिसऱ्या अंकात आली. जेमतेम दोन पानांचा ऐवज. त्यात ना कर्कचे नाव ना स्पॉकचे, आणि दोघेही पुरुष आहेत हेसुद्धा उघड म्हटलेले नाही. जाणकाराने ओळखावे, इतरांनी पान उलटावे, अशी रचना. पुढच्या अंकात मर्चंट यांनी लेख लिहून ही जोडी कोणती ते मान्य केले. माझ्या मते कथेपेक्षा हा लेख जास्त धाडसाचा. अमेरिकन मानसोपचार संघटनेने समलैंगिकतेला आजारांच्या यादीतून काढल्याला तेव्हा वर्ष-दीड वर्षच झाले होते.

त्यानंतर बांध फुटला. १९७६मध्ये केवळ याच नात्याला वाहिलेले 'ऑल्टरनेटिव्ह' हे फॅनझिन आले. त्याच वर्षी 'वॉर्प्ड स्पेस'मध्ये लेस्ली फिश यांची 'शेल्टर' ही कथा छापली गेली. १९७८च्या 'थ्रस्ट'मध्ये तर अनेक लेखिकांच्या अशा कथा एकत्र होत्या. दोन नावांमध्ये तिरकी रेघ दिली की प्रेमकथा, 'आणि'चे चिन्ह दिले की मैत्रीकथा, अशी खूण रूढ झाली आणि त्या रेघेवरूनच प्रकाराला स्लॅश म्हणू लागले.

विरोधही जोरदार झाला. १९७७मध्ये सुरू झालेल्या 'इंटरस्टॅट' या पत्रव्यवहाराच्या मासिकात त्याची पानेच्या पाने सापडतात. सगळा विरोध एका जातीचा नव्हता, हे लक्षात घ्यायला हवे. काहींना समलैंगिकताच नको होती. काहींचे म्हणणे होते की मालिकेत दोघांचीही बायकांशी प्रकरणे दाखवली आहेत, तेव्हा हे पात्रांशी विसंगत आहे. काहींना घनिष्ठ मैत्री मैत्रीच राहावी असे वाटे, आणि हा मुद्दा मला आजही हलका वाटत नाही. सर्वांत व्यावहारिक भीती मात्र कायद्याची होती: हे अभिनेत्यांच्या किंवा मालिकेचे हक्क असलेल्या पॅरामाउंट कंपनीच्या हाती लागले तर सगळीच फॅनझिन्स बंद पडतील. शिवाय अमेरिकेत अश्लील मजकूर टपालाने पाठवणे गुन्हा होता, आणि १९७३च्या 'मिलर' खटल्यानंतर अश्लील काय ते स्थानिक समाजाच्या मापाने ठरू लागले. लिहिणाऱ्या बहुतेक जणी नोकरदार किंवा संसारी होत्या, म्हणून टोपणनावे.

समर्थक बायका मालिकेतल्याच 'अनंत विविधता' या व्हल्कन तत्त्वावर बोट ठेवत. त्यांचा मोठा मुद्दा बरोबरीचा होता. त्या काळच्या पडद्यावर स्त्री-पुरुष नात्यात स्त्री दुय्यमच असे. इथे दोघे हुद्द्याने, बुद्धीने, पराक्रमाने तोडीस तोड होते.

मिटवामिटवी कोणी ठरवून केली नाही, ती व्यवहारातून होत गेली. अंक मागवताना १८ किंवा २१ वर्षे पूर्ण असल्याचे सहीचे पत्र जोडायचे. जाहिरातीत खूण स्पष्ट द्यायची, म्हणजे नको तिच्या हातात अंक पडणार नाही. चाहत्यांच्या संमेलनात प्रती टेबलावर मांडायच्या नाहीत, खालच्या खोक्यात ठेवायच्या आणि मागणाऱ्यालाच दाखवायच्या.

१९७९मध्ये मालिकेचे जनक जीन रॉडनबेरी यांनी 'स्टार ट्रेक'च्या चित्रपटावरून लिहिलेल्या कादंबरीत एक तळटीप घातली. तिच्यात कर्क प्रियकर असल्याच्या अफवेला नकार देतो, पण ज्या व्हल्कन शब्दावरून ती अफवा उठली त्याचे 'मित्र', 'भाऊ' आणि 'प्रियकर' असे तिन्ही अर्थ तिथेच नोंदवलेले आहेत. दोन्ही बाजूंनी ती आपल्या बाजूने वाचली.

इतर मालिका-चित्रपटांच्या चाहत्यांना एवढे मोकळे रान मिळाले नाही. १९८१मध्ये लुकासफिल्मच्या अधिकृत चाहता मंडळाने कामुक 'स्टार वॉर्स' कथांविरुद्ध फॅनझिनवाल्यांना ताकीद दिली. कारण ठरलेली कथा स्त्री-पुरुषांचीच होती, पण धसका स्लॅशवाल्यांनीही घेतला. त्याच वर्षी 'स्टारस्की अँड हच' या पोलिसी मालिकेवरचे 'कोड ७' हे स्लॅश फॅनझिन निघाले, ते लेखिका-संपादकांची नावे न छापता. ब्रिटनमधल्या 'द प्रोफेशनल्स' या मालिकेच्या चाहत्यांनी तर बरेचदा अंकच टाळले. एखाद्या चाहतीजवळ कथांचा संच असे. तो टपालाने मागवायचा, झेरॉक्स काढायची आणि परत पाठवायचा. प्रतीवरून प्रत निघत गेल्याने कडेची अक्षरे कापली जात, आणि पहिले पान हरवले की लेखिकेचे नावही जाई.

हातोहात फिरणाऱ्या अशाच कथांतली एक, कर्क-स्पॉकची 'द रिंग ऑफ सोशर्न', ब्रिटनमध्ये १९६०च्या दशकाच्या अखेरीस, म्हणजे मर्चंट यांच्याही आधी लिहिली गेली होती. ती छापून आली १९८७मध्ये, आणि तीही लेखिकेला न विचारता.