गुडघ्याची दुखापत आणि ‘जीएच’चं इंजेक्शन : पार्श्वभूमी

पार्क मैदानावर चढाई करताना किंवा तालमीच्या मातीत गुडघा फिरतो, एमआरआयमध्ये ‘एसीएल’ हा गुडघ्यातली हाडं जोडणारा अस्थिबंध फाटल्याचं निघतं, आणि सोलापुरातही आता कुणीतरी पोराच्या कानात सांगतं, ‘जीएच घे, लवकर भरून येतं.’ ज्याला हा सल्ला मिळतो, त्याला या औषधाचा, म्हणजे ‘ग्रोथ हार्मोन’ या वाढीच्या संप्रेरकाचा, इतिहास माहीत असायला हवा असं मला मनापासून वाटतं. ते खेळाडूंसाठी निघालेलंच नव्हतं.

ग्रोथ हार्मोन मेंदूच्या तळाशी असलेल्या पियुषिका ग्रंथीतून स्रवतं. जनावरांचं हार्मोन माणसाला लागू पडत नाही, म्हणून १९५६ मध्ये ते मानवी ग्रंथीतून वेगळं करण्यात आलं. १९५८ मध्ये मॉरिस रेबेन यांनी उंची खुंटलेल्या एका मुलावर त्याचा गुण आल्याचं प्रसिद्ध केलं. ग्रंथी मिळायच्या त्या मात्र मृतदेहांतून. अमेरिकेत १९६३ ते १९८५ या काळात सुमारे ७,७०० मुलांना असं हार्मोन सरकारी कार्यक्रमातून दिलं गेलं. त्यांतल्या काहींना पुढे क्रॉइट्सफेल्ट-याकोब हा मेंदू पोखरणारा, हमखास जीवघेणा आजार झाला. संसर्ग त्या ग्रंथींतूनच आला होता आणि वर्षानुवर्षं शरीरात दबा धरून बसला होता. मुलाची उंची वाढावी म्हणून आईबापांनी त्याला टोचायला लावलेलं ते औषध! १९८५ मध्ये ते बंद झालं आणि त्याच वर्षी जनुकीय तंत्रानं प्रयोगशाळेत बनवलेल्या हार्मोनला परवानगी मिळाली.

आता तुटवडा संपला आणि औषध खेळाच्या बाजारात शिरलं. कॅनडाचा धावपटू बेन जॉन्सन यानं १९८९ च्या उत्तेजक-चौकशीत ते घेतल्याचं कबूल केलं. ऑलिंपिक समितीनं त्याच वर्षी बंदी घातली. पण शरीर स्वतःच बनवतं तो पदार्थ बाहेरून आला हे ओळखायचं कसं? चाचणी यायला २००४ चं अथेन्स उजाडलं, आणि तिच्यात पहिला खेळाडू अडकला थेट २०१० मध्ये, ब्रिटनचा एक रग्बीपटू.

दुखापत भरून येते ही समजूत अगदीच हवेतली नाही. या हार्मोनमुळे यकृतात तयार होणारा आयजीएफ-१ हा घटक १९५७ मध्ये सापडला, तोच कूर्चेवरच्या प्रयोगांतून. पुढे स्नायूबंधांत, म्हणजे स्नायू हाडाला जोडणाऱ्या दोऱ्यांत, कोलॅजेन हे प्रथिन वाढतं हेही दिसलं. मात्र कोलॅजेन वाढणं आणि खेळाडू मैदानावर परतणं यांत फार अंतर आहे. एसीएल शस्त्रक्रियेच्या रुग्णांवर मिशिगन विद्यापीठात झालेली, २०२० मध्ये प्रसिद्ध झालेली चाचणी अवघ्या १९ पुरुषांची. मांडीची ताकद औषध घेतलेल्यांत जास्त भरली, स्नायूचा आकार मात्र वाढला नाही. एवढ्यावर कुणाला सुई टोचू नये. हातापायांना सूज, सांधेदुखी, मनगटात नस दबणं, रक्तातली साखर वाढणं हे दुष्परिणाम तर ठाऊकच आहेत.

बंदी स्पर्धेपुरती नाही, सरावाच्या काळातही आहे. भारतात २०२२ पासून उत्तेजकविरोधी कायदाही आहे.

शस्त्रक्रियेत फाटलेल्या एसीएलच्या जागी बसवलेल्या स्नायूबंधाचं अस्थिबंधात रूपांतर व्हायला कित्येक महिने लागतात. नॉर्वे आणि अमेरिकेतल्या खेळाडूंच्या अभ्यासात, पहिल्या नऊ महिन्यांत मैदानावर परतणं जसजसं एकेक महिना लांबलं, तसतसा गुडघा पुन्हा दुखावण्याचा दर दर महिन्याला जवळपास निम्मा होत गेला.