रेनबो ट्राउट आणि स्टीलहेड: मासा एकच, हिवाळा वेगळा

शास्त्राच्या लेखी रेनबो ट्राउट आणि स्टीलहेड हा एकच मासा, ऑन्कोरिंकस मायकिस. एकाच मादीच्या पिलांपैकी काही जन्मभर नदीत राहतात, तर काही एक ते तीन वर्षांनी रुपेरी होऊन पॅसिफिकमध्ये उतरतात. तिथे खाऊन-पिऊन मोठे झाले की अंडी घालायला नदीत परततात, ते स्टीलहेड. रंगावरून ओळखायला जाल तर फसाल, कारण नदीत काही आठवडे काढले की स्टीलहेडच्याही अंगावर गुलाबी पट्टा उमटतो. वॉशिंग्टन राज्याचा नियम म्हणून सरळ लांबी बघतो: समुद्रातून मासे चढतात अशा नदीतला २० इंचांहून मोठा रेनबो म्हणजे स्टीलहेड. मिशिगनकडे मात्र सरोवरातून नदीत चढणाऱ्या रेनबोलाही स्टीलहेडच म्हणतात.

फ्लायने, म्हणजे गळावर पिसं-दोरे बांधून केलेल्या नकली किड्याने, गरवणाऱ्याला खरा फरक हिवाळ्यात जाणवतो, आणि तो भुकेचा आहे.

नदीतला ट्राउट थंडीतही खातो, पण बेतानेच. पाणी ५ अंश सेल्सिअसच्या खाली गेलं की तो संथ डोहाच्या तळाशी बसून राहतो आणि तोंडासमोरून वाहत येईल तेवढंच टिपतो. ते खाद्य बहुतेक मिज नावाच्या बारीक किड्यांच्या अळ्यांचं. त्यामुळे फ्लायही १८ ते २२ नंबरची, इवलीशी हवी, आणि ती तळालगत, पाण्याच्याच वेगाने जायला हवी. दोरीची जराशी ओढ बसली तरी ट्राउट तिच्याकडे बघत नाही. पहाटे कुडकुडत जाण्याची गरज नाही. दुपारी पाणी थोडं तापतं तीच वेळ चांगली. न्यू मेक्सिकोतली सॅन हुआन नदी नवाहो धरणाच्या खोल पाण्यावर वाहते आणि ते गोठत नाही, म्हणून तिथे ऐन जानेवारीतही गरवता येतं.

हिवाळी स्टीलहेड साधारण नोव्हेंबर ते एप्रिलमध्ये नदीत शिरतो. पोटात गाबोळी जवळपास तयार, अंगात समुद्रात साठवलेली चरबी. त्याला खायची फारशी गरजच नसते. तरी तो फ्लायवर झडप का घालतो, चिडून, जागा राखायला की जुन्या सवयीने, यावर गरवणाऱ्यांत न संपणारे वाद आहेत. माझ्या मते तिघांतही थोडं तथ्य आहे. फ्लाय बोटभर लांब, गुलाबी किंवा जांभळी. दोन्ही हातांनी चालवायच्या लांब स्पे रॉडने ती धारेत आडवी टाकायची आणि ताणलेल्या दोरीवर सावकाश काठाकडे येऊ द्यायची. ट्राउटला जी ओढ नको, तीच इथे हवी. मग दोन पावलं खाली सरकून पुन्हा तेच. वॉशिंग्टनमधल्या ऑलिम्पिक द्वीपकल्पातल्या होह किंवा सोल डक नदीवर पावसाने चढलेलं पाणी मासे आत आणतं. ते उतरून हिरवट झालं की गाठायचं.

वॉशिंग्टनमधल्या प्युजेट साउंड या खाडीचे स्टीलहेड २००७ पासून अमेरिकेच्या संकटग्रस्त यादीत आहेत. पाठीवरचा शेपटीजवळचा छोटा मांसल पर शाबूत असेल तर मासा जंगली समजा (हॅचरीत वाढवलेल्या माशांचा तो कापलेला असतो) आणि फोटोसाठीसुद्धा पाण्याबाहेर उचलू नका. कडाक्याच्या हवेत त्याचे कल्ले गोठतात. हिवाळा सरताना नदीच्या तळाशी धुतल्यासारखे स्वच्छ गोट्यांचे पट्टे दिसले तर त्यांत पाय घालू नका. अंडी त्या गोट्यांखाली असतात.