पिकअपला हवा कुठून आणायची?

नाशिकच्या आडगाव नाक्याजवळच्या गॅरेजसमोर भाच्याने पिकअप लावली होती. बोनेटवर जुनं पोतं पसरून त्यावर सामान मांडलेलं: क्रोमचे दोन भोंगे, एक हातभर आणि दुसरा त्याहून वीतभर आखूड, आणि हवा दाबणारा नारळाएवढा कंप्रेसर. दिंडोरीची द्राक्षं घेऊन तो वाशीला जातो. "मामा, कसारा घाटात ट्रकवाल्यांचा वाजतो ना, तसा पाहिजे. कंपनीचा हॉर्न म्हणजे नुसती पिपाणी."

ट्रकचा हॉर्न मुळात उसन्या हवेवर वाजतो. जड गाड्यांचे ब्रेक हवेवर चालतात. त्यासाठी इंजिनावर कंप्रेसर असतो, चेसीला टाक्या असतात आणि त्यांत कायम शंभर-सव्वाशे पौंड दाबाची हवा असते. हॉर्न त्यातलीच चिमूटभर घेतो. पिकअपचे ब्रेक तेलावर चालतात, त्यामुळे टायर सोडले तर या गाडीत दाबाची हवा कुठेच नाही. भोंगे बसवायला चार बोल्ट पुरतात. बाकीची सगळी खटपट हवेसाठी.

भोंगा वाजतो कसा, ते तुतारी पाहिलेल्याला लगेच कळेल. तुतारीवाला ओठ घट्ट मिटून फुंकतो. फुंकरीचा दाब ओठ उघडतो, हवा निसटते, ओठ पुन्हा मिटतात, आणि हे सेकंदाला शेकडो वेळा घडतं. भोंग्याच्या मागच्या डबीत ओठांच्या जागी धातूची पातळ चकती असते, डायफ्रॅम. सूर मुख्यतः नळीची लांबी ठरवते: लांब भोंगा खर्जात, आखूड त्याच्या वर. तोंडाचा फुलोरा शोभेचा नाही. तो नसेल तर नळीतली बरीचशी ध्वनिऊर्जा तोंडापाशी आपटून आत परत फिरते.

जाता जाता एक गंमत. ध्वनीचा वेग दर अंशाला सेकंदाला साधारण ०.६ मीटरने बदलतो. निफाडला जानेवारीतल्या पहाटे ५ अंश असतात तेव्हा तो सुमारे ३३४, आणि एप्रिलच्या दुपारी ३५ अंशांना ३५२ मीटर. फरक पाच टक्क्यांचा. म्हणजे तोच भोंगा थंडीत जवळजवळ अर्धा स्वर उतरलेला वाजणार.

आता हवा. कंप्रेसर ती छोट्या टाकीत भरून ठेवतो आणि भोंगे टाकीतून घेतात. ८ लिटरची टाकी १२० पौंडांवरून ९० वर आली, की साध्या दाबाची सुमारे १६ लिटर हवा खर्च झालेली असते. मिनिटाला २५ लिटर देणाऱ्या कंप्रेसरला ती भरून काढायला चाळीसेक सेकंद लागतात. टाकीवरचा प्रेशर स्विच हेच करतो: ९० ला मोटर चालू, १२० ला बंद. स्विच चिकटला तर जास्तीची हवा सोडायला सेफ्टी वॉल्व्ह असतो. भाच्याच्या सामानात तो नव्हताच. तो आणायला मी त्याला परत दुकानात पाठवलं.

हवा दाबली की तापते, हे सायकलच्या पंपाला हात लावलेल्या प्रत्येकाला माहीत आहे. ३० अंशांची हवा १२० पौंडांपर्यंत एकदम दाबली आणि उष्णता अजिबात बाहेर जाऊ दिली नाही, तर कागदावर तापमान अडीचशे अंशांच्या पुढे जातं. प्रत्यक्षात एवढं होत नाही, पण कंप्रेसरमधून निघणारी पहिली नळी धातूची जाळी गुंडाळलेली असते ती याचसाठी. तिथे साधी प्लॅस्टिकची नळी जोडली तर ती मऊ पडून फुटेल.

मग ही हवा टाकीत निवते आणि पाणी सोडते. १२० पौंडांना हवा सुमारे नवव्या हिश्श्यात आवळली जाते, त्यामुळे बाहेरची आर्द्रता १२ टक्क्यांहून जास्त असली तरी आत दव धरणारच. नाशकात पावसाळ्याचं तर विचारूच नका. टाकीच्या बुडाला ड्रेन कॉक, म्हणजे पाणी सोडायची तोटी, असते ती त्यासाठी.

विजेचं गणित सोपं आहे, पण गाड्या जळतात त्या इथेच. १२ व्होल्टवर १५ अँपियर ओढणारी मोटर धरा. १ चौरस मिलिमीटरची चार मीटर वायर टाकली, तर वायरमध्येच एक व्होल्ट जातो आणि पंधरा वॉट उष्णता होते. मोटर सुरू होताना तर प्रवाह याच्या कितीतरी पट असतो. म्हणून जाड वायर, मध्ये रिले (थोड्या प्रवाहाने मोठा प्रवाह चालू-बंद करणारा स्विच), आणि फ्यूज बॅटरीच्या अगदी जवळ. गॅरेजवाल्याने फ्यूज मोटरपाशी लावला होता. मग मधली सगळी वायर कोण सांभाळणार?

आवाजाबद्दल माझं भाच्याशी पटलं नाही. घाटात खर्जाचा उपयोग आहे, हे खरं. ३०० हर्ट्‌झची लाट मीटरभराहून लांब असते आणि कड्याला वळसा घालून पलीकडे पोचते. पण मोकळ्यावर अंतर दसपट झालं की २० डेसिबल उतरतात. शंभर मीटरवर ८० हवे असतील, तर एक मीटरवर १२० होतात, आणि द्वारका चौकात त्या एका मीटरवर स्कूटीवाली मुलगी उभी असते. शिवाय केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधला ११९ वा नियम वेगवेगळे सूर एकामागून एक काढणाऱ्या आणि कर्कश हॉर्नला मनाई करतो.

दोन महिन्यांनी गाडी दारात आली तेव्हा भोंगे नव्हते. "पावती फाडली?" मी विचारलं. तो नुसता हसला. कंप्रेसर मात्र जागेवर होता. त्यावर तो आता टायरची हवा भरतो आणि शेतात फवारणीच्या ब्लोअरची जाळी साफ करतो. मी वाकून ड्रेन कॉक फिरवला. फुस्स करून चहाच्या रंगाचं अर्धा वाटी पाणी माझ्या चपलेवर आलं.