ध्यानातील देहानुभव

ध्यानातील देहानुभव : दीर्घकाळ स्थिर बसून केलेल्या ध्यानात शरीराला जाणवणाऱ्या, एरवीच्या दिनक्रमात सहसा न येणाऱ्या संवेदना. अंगभर मुंग्या, पाठीच्या कण्यातून वर चढणारी ऊब, आपोआप बसणारे झटके, मान किंवा धड डोलणे, हात खूप मोठे झाल्यासारखे किंवा नाहीसेच झाल्यासारखे वाटणे, कपाळाच्या मध्यावर दाब, कानांत नाद, मिटल्या डोळ्यांपुढे उजेड, एकाएकी छातीत धडधड आणि आपण देहाबाहेर सरकलो अशी जाणीव, हे त्यांतले वारंवार सांगितले जाणारे प्रकार. बहुतेक अनुभव आसन सोडले की ओसरतात. काही मात्र दिवसेंदिवस टिकतात, झोप मोडतात आणि माणसाला घाबरवून सोडतात. ही भीती पुष्कळदा अनुभवापेक्षा मोठी असते, कारण असे काही होऊ शकते हे बसण्याआधी कोणी सांगितलेलेच नसते.

नागपुरातील तीन नावे

नागपुरात एकाच झिणझिणीला तीन नावे मिळतात. काटोल मार्गाजवळच्या माहूरझरी येथे धम्म नाग हे विपश्यना केंद्र आहे. तिथे बसलेला साधक झिणझिणीला ‘संवेदना’ म्हणतो आणि ती अनिच्च, म्हणजे अनित्य आहे असे पाहायला शिकतो. धंतोली-रामनगरकडच्या एखाद्या घरात, जिथे सकाळी प्राणायाम होतो आणि पोथी वाचली जाते, तिथे तीच झिणझिणी ‘प्राण वर चढला’ किंवा ‘कुंडलिनी हलली’ अशी ओळखली जाते. मेडिकलच्या, म्हणजे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या ओपीडीत तिच्यासाठी पॅरेस्थेशिया हा शब्द येतो, आणि डॉक्टर आधी रक्तातली साखर व बी-१२ तपासायला सांगतात. घरी आजीला विचारले तर चौथे नावही निघते : ‘वारं आलं’, ‘अंगात आलं’.

या नावांतले कुठले आधी कानावर पडते, त्यावर माणूस पुढे काय करतो हे ठरते. कुंडलिनी म्हटले की तो आणखी जोर लावतो. बाहेरची बाधा म्हटले की घर हादरते. आजार म्हटले की ध्यान कायमचे सुटते. ‘संवेदना’ म्हटले की तो बसून राहतो, आणि एखाद्या वेळी बसून राहणेच चुकीचे असते. म्हणून प्रत्येक नावामागची परंपरा या अनुभवांविषयी प्रत्यक्षात काय सांगते हे नीट पाहणे आवश्यक आहे. लोकांच्या तोंडी फिरणाऱ्या समजुतींपेक्षा ते बरेच सावध आहे.

बौद्ध परंपरा

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी दीक्षाभूमीवर धम्मदीक्षा घेतली, तेव्हापासून हे शहर भारतातील बौद्धांचे एक प्रमुख केंद्र आहे. ध्यान मात्र इथल्या सर्वसामान्य घरांत पोचले ते बरेच पुढे, मुख्यतः सत्यनारायण गोयंका (१९२४–२०१३) यांनी १९६९ पासून भारतात शिकवलेल्या दहा दिवसांच्या शिबिरांतून. या शिबिराचा दिवस पहाटे चार वाजता सुरू होतो आणि सुमारे दहा तास बसणे होते. पहिले तीन दिवस फक्त श्वास पाहायचा. चौथ्या दिवशी विपश्यना दिली जाते, म्हणजे अंगभरच्या संवेदना पाहायला शिकवतात, आणि त्यानंतर रोज तीन वेळा एकेक तास हात, पाय, डोळे न हलवता बसायचे असते. याला अधिष्ठान म्हणतात. आर्य मौन, म्हणजे साधकांनी आपसांत न बोलण्याचा नियम, असल्याने शेजाऱ्यालाही असेच होते आहे का, हे विचारता येत नाही. विचारायचे ते आचार्यांना, ठरलेल्या वेळी. नवख्या साधकाला हे अनुभव प्रथम येतात ते बहुधा याच टप्प्यावर.

पाचव्या शतकातील बुद्धघोष यांच्या ‘विसुद्धिमग्ग’ या पाली ग्रंथात प्रीतीचे, म्हणजे ध्यानात उमटणाऱ्या आनंदाचे, पाच प्रकार दिले आहेत. अंगावर काटा आणणारी, विजेसारखी चमकून जाणारी, किनाऱ्यावरच्या लाटांसारखी पुन्हा पुन्हा येणारी, देह उचलून धरणारी आणि सर्वांगात भरून राहणारी. म्हणजे शहारे, झटके, हलकेपणा यांची नोंद पंधराशे वर्षांपूर्वीच झाली होती. त्याच ग्रंथात दहा ‘विपश्यना-उपक्लेश’ सांगितले आहेत, आणि त्यांत उजेड दिसणे व हीच प्रीती यांचाही समावेश आहे. उपक्लेश म्हणजे मळ. अनुभव आला म्हणून साधकाला पोचल्याचा भ्रम होतो आणि वाट तिथेच चुकते, असा त्याचा रोख आहे. पुढच्या टप्प्यांत सर्व काही भंग पावताना दिसणे, त्यातून येणारे भय आणि उद्वेग हेही ग्रंथ क्रमाने मांडतो. दिलासा आणि इशारा एकाच ठिकाणी देणारे इतके जुने वर्णन वाचताना आदर वाटतो.

त्याहूनही बोलका पुरावा मज्झिमनिकाय या बुद्धवचनांच्या पाली संग्रहातील महासच्चकसुत्तात आहे. बोधीच्या आधी सिद्धार्थाने श्वास रोखून ध्यान केले त्याचे हे वर्णन. कानांतून लोहाराच्या भात्यासारखा वारा घोंगावू लागला, कोणी बलवान माणूस डोक्याभोवती चामड्याचा पट्टा आवळतो आहे तसे डोके दुखले, खाटकाने पोट चिरावे तशा कळा आल्या, निखाऱ्यांवर धरल्यासारखा दाह झाला. आणि मग? त्याने हा मार्ग सोडला, अन्न घेतले, लहानपणी जांभळीच्या सावलीत बसून अनुभवलेली शांत स्थिती आठवली आणि तिथून पुन्हा सुरुवात केली. ‘सहन करत राहा’ हा एकच सल्ला सगळ्यांना देणाऱ्यांनी या सुत्ताचा हा उत्तरार्ध विसरू नये.

जपानमधील झेन गुरू हाकुइन (१६८६–१७६९) यांनी स्वतःचे ‘झेन-आजारपण’ लिहून ठेवले आहे. डोक्यात आग, पाय बर्फात ठेवल्यासारखे गार आणि कानांत ओढ्याचा खळाळ. त्यांना मिळालेला उपाय मराठी घराला लगेच समजेल असा आहे. डोक्यावर मऊ, सुगंधी लोण्याचा गोळा ठेवला आहे आणि तो वितळत खांदे, छाती, पोट, पाय असा तळव्यांपर्यंत उतरतो आहे, अशी कल्पना करायची. वर चढलेले लक्ष खाली आणणे, हे त्यातले मर्म.

योग आणि ज्ञानेश्वरी

मराठीत या अनुभवांचे सर्वांत तपशीलवार वर्णन ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायात आहे. कुंकवाने न्हालेले नागाचे पिल्लू वेटोळे घालून निजावे तशी कुंडलिनी साडेतीन वेढ्यांत निजलेली असते. जागी झाली की ती मांसाचे घास घेते, तळहात-तळपायांपर्यंत पोचते, सप्तधातूंच्या सागरात तहानेने घोट भरते आणि लगेच खडखडीत उन्हाळा करून टाकते. नागपूरच्या मे महिन्यात ही ओवी वाचणाऱ्याला ‘खडखडीत उन्हाळा’ या शब्दांचा अर्थ विचारावा लागत नाही. मात्र हे वर्णन वज्रासन, बंध आणि प्राणजय सिद्ध झालेल्या, गुरूच्या देखरेखीखालील योग्याचे आहे. यूट्यूब पाहून आठवडाभर भस्त्रिका, म्हणजे जोरजोरात श्वासाचा प्राणायाम, केलेल्याने त्यात स्वतःला शोधणे धोक्याचे आहे. शिवाय तेच ज्ञानेश्वर बाराव्या अध्यायात या वाटेचे क्लेश सांगून भक्तीच्या वाटेकडे बोट दाखवतात.

पतंजलींनी ‘अंगमेजयत्व’, म्हणजे अंग थरथरणे, हे योगसूत्रांच्या पहिल्या पादात (१.३१) दुःख, दौर्मनस्य आणि बिघडलेल्या श्वासासोबत ठेवले आहे. चित्तविक्षेपाचे, म्हणजे मन विखुरण्याचे, हे सोबती. हठयोगप्रदीपिकेत प्राणायामाच्या कनिष्ठ अवस्थेत घाम, मध्यमेत कंप आणि उत्तमेत स्थैर्य सांगितले आहे. थरथर ही सिद्धीची खूण आहे असा समज बैठकींतून फार पसरलेला आहे. मूळ ग्रंथांत मात्र ती अर्ध्या वाटेवरची किंवा वाट चुकल्याची खूण ठरते. भक्तिमार्गातले अष्टसात्त्विक भाव (स्तंभ, स्वेद, रोमांच, स्वरभंग, कंप, वैवर्ण्य, अश्रू, प्रलय) याच देहखुणांना प्रेमाच्या अंगाने पाहतात. भजनात डोळे भरून आले तर कोणी घाबरत नाही, कारण तिथे आजूबाजूला माणसे असतात आणि टाळ चालू असतो. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी विदर्भातल्या गावागावांत रुजवलेल्या सामुदायिक ध्यान-प्रार्थनेलाही हा सोबतीचा आधार आहे.

शरीरात काय घडते

अनेक अनुभवांची शारीरिक कारणे बऱ्यापैकी समजलेली आहेत. लक्ष देण्यानेच संवेदना वाढते. शांत बसून एका बोटाच्या टोकावर थोडा वेळ नुसते ध्यान ठेवले, तरी तिथे ठोके, ऊब किंवा मुंग्या जाणवू लागतात. हे कोणालाही घरी करून पाहता येते. स्नायू आणि सांधे मेंदूला मुख्यतः बदल कळवतात. तासभर काहीच हलले नाही, की हात कुठे आहे याचा अंदाज पुसट होतो आणि तो फुगल्यासारखा किंवा नसल्यासारखा वाटतो. पहाटेच्या बैठकीतले झटके बऱ्याचदा झोपेच्या उंबरठ्यावर येणारे, अंथरुणात सगळ्यांना परिचित असलेले झटके असतात. प्रकाश नसताना मेंदूतले दृष्टीचे केंद्र स्वतःच रंग आणि ठिपके तयार करते.

श्वासाचे गणित वेगळे. घाबरून किंवा मुद्दाम जोरात श्वास घेत राहिले, की रक्तातला कार्बन डायऑक्साइड घटतो, रक्त अल्कधर्मी होते आणि त्यातले मोकळे कॅल्शियम कमी होते. मग ओठांभोवती आणि बोटांत मुंग्या येतात, हाताची बोटे आखडतात, मेंदूकडचा रक्तप्रवाह कमी झाल्याने गरगरते. ‘डोकं भणभणून राह्यलं’ असे इथला माणूस सांगतो, तेव्हा पुष्कळदा एवढेच घडलेले असते. श्वास नेहमीचा झाला की ते थांबते.

ऊब नेहमी काल्पनिक असते असे नाही. हर्बर्ट बेन्सन आणि सहकाऱ्यांनी १९८२ मध्ये तुम्मो ही अंगात उष्णता जागवणारी साधना करणाऱ्या तिबेटी भिक्षूंच्या हातापायांच्या बोटांचे तापमान ८.३ अंश सेल्सिअसपर्यंत वाढल्याचे मोजले. देहाबाहेर गेल्याच्या अनुभवालाही मेंदूत जागा आहे. ओलाफ ब्लांके यांच्या गटाने २००२ मध्ये अपस्माराच्या एका रुग्णाच्या मेंदूतल्या उजव्या कोनीय वळीला (अँग्युलर जायरस) विद्युत उद्दीपन दिले, तेव्हा स्वतःला वरून पाहण्याचा अनुभव पुन्हा पुन्हा आणता आला. यामुळे अनुभव खोटा ठरत नाही. तो घडवण्याची क्षमता मेंदूत आहे, एवढेच कळते.

मांडी घालून बसण्याचा एक धोका सरळ यांत्रिक आहे. गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूने, बारीक हाडाच्या माथ्यावरून जाणारी नस फार वेळ दबली तर पाऊल वर उचलता येत नाही. १९७१ मध्ये वैद्यकीय नियतकालिकात याची ‘योग फूट ड्रॉप’ या नावाने नोंद झाली. उठल्यावर मुंग्या काही मिनिटांत गेल्या तर काळजी नाही. चालताना पंजा घासतो, पायातली चप्पल निसटते असे होत राहिले, तर आसन बदलायचे आणि डॉक्टरांना दाखवायचे. अधिष्ठानाचा संकल्प पायाच्या नसेहून मोठा नाही. खुर्ची मागण्यात कमीपणा मुळीच नाही.

अनुभव टिकून राहतात तेव्हा

जॅरेड लिंडाल आणि विलोबी ब्रिटन यांनी २०१७ मध्ये पाश्चात्त्य देशांतील बौद्ध साधकांच्या मुलाखतींतून अशा अडचणीच्या अनुभवांचे ५९ प्रकार, सात गटांत मांडले. शरीर हा त्यांतला एक गट. २०२० मध्ये मिगेल फारियास आणि सहकाऱ्यांनी ८३ अभ्यासांचा आढावा घेतला, त्यात ध्यानाशी निगडित प्रतिकूल परिणामांचे एकूण प्रमाण ८.३ टक्के निघाले. चिंता आणि नैराश्य त्यांत सर्वांत पुढे होते. अमेरिकन मनोविकार संघटनेच्या १९९४ च्या वर्गीकरणात ‘धार्मिक किंवा आध्यात्मिक समस्या’ हा गट प्रथम आला, म्हणजे असा प्रत्येक अनुभव हा मनोविकार नाही हे तिथेही मान्य झाले.

याची उलट बाजूही नागपूर जाणते. सूफी संत ताजुद्दीन बाबा (१८६१–१९२५) १८९२ मध्ये इथल्या वेड्यांच्या इस्पितळात दाखल झाले आणि लोक तिथेच त्यांच्या दर्शनाला येऊ लागले. ताजबागेवरची, म्हणजे त्यांच्या दर्ग्यावरची, श्रद्धा आदरणीय आहे. पण ‘बाबांनाही वेडे म्हणाले होते’ हे वाक्य एखाद्या तरुणाचे औषध बंद करायला वापरले जाते, तेव्हा त्या तरुणाचे नुकसान होते. दोन-तीन रात्री झोप नाही तरी थकवा नाही, बोलणे आणि विचार सुसाट, आज्ञा देणारे आवाज, जिवाचे बरेवाईट करण्याचे विचार, ही लक्षणे दिसली की ध्यान त्याच दिवशी थांबवून मनोविकारतज्ज्ञाकडे न्यायचे. झटक्यासोबत शुद्ध हरपली, जीभ चावली गेली, छातीत कळ आली किंवा एका बाजूची ताकद गेली, तर सरळ इस्पितळ. विपश्यनेच्या अर्जात मानसिक आजार आणि औषधे यांची माहिती विचारतात ती याचसाठी. प्रवेश मिळावा म्हणून ती लपवणे हा स्वतःशी केलेला घात आहे. मध्यरात्री कोणाला विचारावे हे सुचत नसेल, तर सरकारची टेली-मानस सेवा १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य आहे.

बाकीच्यांसाठी उपाय साधे आहेत. डोळे उघडावेत, तळवे जमिनीवर टेकवावेत, चालावे, पोटभर गरम जेवावे, झोप भरून काढावी, प्राणायाम काही काळ बंद ठेवावा आणि बसण्याची वेळ दोन तासांवरून दहा-पंधरा मिनिटांवर आणावी. पारा ४५ अंशांवर जातो त्या दिवसांत पाणी आणि मीठ कमी पडल्यानेही घेरी येते, धडधड होते. शिबिरातून परतलेल्या माणसाला घरच्यांनी पहिले दोन-तीन दिवस गर्दीत, लग्नकार्यात ओढू नये आणि लगेच दुचाकी चालवायला लावू नये. त्याला काय काय झाले ते मध्ये न बोलता ऐकून घ्यावे. पुन्हा बसायला सुरुवात करताना जवळ कोणी जाणते माणूस असावे, आणि त्या माणसाला ‘थांब’ म्हणता येत असावे.